चालत्या घराचे कुलूप

मार्च महिना अर्धा उलटला होता आणि पंचांगाप्रमाणे वसंताची चाहूल लागायला काहीच हरकत नव्हती; परंतु पूर्व यॉर्कशायरच्या पावसाला पंचांग ठाऊक नसल्यामुळे, बेव्हर्ली गावाच्या कडेला एका बंगलीच्या अंगणात मी हातात विजेरी घेऊन ओणवा उभा होतो, आणि माझ्या आत्येबहिणीचे, म्हणजे ताईचे, यजमान, ज्यांना आमच्या साताऱ्याकडच्या रिवाजाने मी दाजी म्हणतो, ते एका पांढऱ्याशुभ्र, बावीस फुटी, इंजिन नसलेल्या घराच्या चाकापाशी चिखलात गुडघे टेकून झटत होते.

“पाव्हणं, भोक दिसतंय का?”

भोक दिसत होते, पण अर्धे. त्या चाकाच्या दोन आऱ्यांमधील पोकळीतून एक ठोकळेबाज पोलादी तुकडा आत सरकवायचा, पलीकडे चासीला कायम बसवलेल्या खोबणीत तो बोल्टाने आवळायचा आणि वर कुलूप घालायचे, म्हणजे चाक जागचे हलत नाही, अशी ही रचना आहे. मात्र त्यासाठी आऱ्यांमधील पोकळी आणि मागची खोबण एका रेषेत यावी लागते. आणि सव्वा टन वजनाचे घर नेमके त्या रेषेत आणून उभे करणे म्हणजे सुईत दोरा ओवताना दोरा स्थिर धरून सुईच हलवीत राहण्यासारखे आहे. दाजींनी खिशातून एक लहानसा रिमोट काढला. टायरला टेकलेले दोन रूळ कुरकुरत फिरले, घर दोन बोटे पुढे सरकले, आणि भोक दुसऱ्या बाजूने अर्धे झाले. शेवटी चाक जॅकवर उचलून हाताने फिरवावे लागले. चाळीस वर्षे भूलतज्ज्ञ म्हणून इस्पितळात काढलेल्या या गृहस्थांनी असल्या प्रसंगी तोंडातून एकही शिवी बाहेर पडू दिली नाही, याचे मला त्यांच्या पेशापेक्षाही अधिक कौतुक वाटले.

संपादकांचे पत्र जानेवारीत आले होते. यंदाच्या अंकाचा विषय ‘कुलूप’. जे वाटेल ते लिहा, पण प्रत्यक्ष पाहून लिहा, अशी अट. मला प्रथम वाड्यांचे दिंडीदरवाजे, अडसर, कडीकोयंडे आणि सावकारांच्या तिजोऱ्या आठवल्या. मग लक्षात आले की या सर्व कुलपांचे काम एकच, घरातील वस्तू घराबाहेर जाऊ न देणे. घरच जेथे उचलून नेण्यासाठी बांधलेले आहे, तेथे कुलूप कशाला आणि कशाला लावायचे? ताईच्या फोनवरील बोलण्यात त्या दिवशी ‘व्हॅन’चा उल्लेख तिसऱ्यांदा आला, आणि मी जाण्याचे ठरविले.

शब्द आणि वस्तू

‘कुलूप’ हा शब्द आपल्याकडे अरबी ‘कुफ्ल’वरून फारसीच्या वाटेने आला. ‘कारवाँ’ही फारसीच, तोच फ्रेंचांच्या हातून इंग्रजांकडे जाऊन ‘कॅराव्हॅन’ झाला आणि त्याचे शेपूट तुटून ‘व्हॅन’ हा शब्द जन्मला. उंटांच्या तांड्याला अनुलक्षून असलेला शब्द रंगीत घोडागाडीला, आणि तेथून मोटारीमागे ओढल्या जाणाऱ्या दुचाकी घराला चिकटला, यात शब्दाचा प्रवास वस्तूपेक्षा लांबचा आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली जे कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले, त्यामुळे आपल्याकडे कॅराव्हॅन म्हटले की बहुतेकांना इंजिनासकट चालणारी, आत पलंग असलेली बस दिसते. इंग्रज तिला मोटरहोम म्हणतो. त्याची टुरिंग कॅराव्हॅन म्हणजे केवळ घर: दोन चाके, पुढे एक आकडा, आत चार माणसांची निजण्याची सोय, शेगडी, मोरी आणि कपाटे. मोटारीच्या मागे पन्नास मिलिमीटर व्यासाचा एक गोळा असतो. आकडा त्यावर बसवला, विजेची तार खोचली, हँडब्रेक सोडला, की घर निघाले. सवयीच्या माणसाला या सगळ्याला पाच मिनिटे पुरतात. चोर हाही सवयीचा माणूस असतो, हे मात्र ही रचना करताना कोणाच्या ध्यानात आले नसावे.

हौसेखातर असे घर घेऊन हिंडण्याची सुरुवात साधारणपणे डॉक्टर विल्यम गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल वैद्यापासून धरतात. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टलच्या एका कारखान्याकडून ‘वाँडरर’ नावाची, महागोनी आणि मेपल लाकडाची, दोन टनांच्या आसपास वजनाची घोडागाडी बांधवून घेतली. बरोबर एक चाकर, एक गाडीवान, एक पोपट आणि हरिकेन बॉब नावाचा धिप्पाड न्यूफाउंडलंड कुत्रा. चाकर तीनचाकी सायकलवर पुढे जाऊन समोरून येणाऱ्यांना इशारा देई. त्या घराला कुलूप होते की नाही हे पाहण्याची पाळी कोणावर आली असेल असे वाटत नाही. कुत्रा होता, माणसे होती, आणि मुख्य म्हणजे दोन टनांची गाडी चोरायची तर आधी दोन घोडे जुंपायला हवे होते. १९०७ साली जो कॅराव्हॅन क्लब स्थापन झाला, त्याच्या उपाध्यक्षपदी हे स्टेबल्स होते. पहिले महायुद्ध संपताच, १९१९ पासून, मोटारीमागे ओढायच्या कॅराव्हॅन विक्रीस आल्या. घोडे गेले, गाडीवान गेला, कुत्रा मागील आसनावर बसला, आणि घर हलके होत होत कोणाच्याही मोटारीला जोडता येईल असे झाले. हे घर चोरीस पात्र झाले ते येथे.

खडीवरचा कोरडा चौकोन

दाजींची सध्याची व्हॅन दुसरी आहे. पहिली गेली, त्या हकिकतीचे कथन ताई करते. दाजी त्या वेळी स्वयंपाकघरात काहीतरी शोधायला जातात.

पुतणीच्या लग्नासाठी दोघे तीन आठवडे साताऱ्याला आली होती. व्हॅन घराच्या बाजूला खडीवर उभी. निघण्याच्या धांदलीत दाजींनी पुढच्या आकड्याला कुलूप घातले, परंतु चाकाला अडकवायचा जो जबडा असतो तो शेडमध्येच राहिला. विमान गाठायचे होते आणि पाऊस होता. परत आल्यावर टॅक्सीतून उतरताना ताईला प्रथम अंगण मोठे झाल्यासारखे वाटले. मग खडीवरचा तो चौकोन दिसला, आजूबाजूला शेवाळ आणि मध्ये स्वच्छ, फिकट, कोरडी जागा. आणि त्या जागेत आकड्याच्या कुलपाचे दोन तुकडे, कापलेल्या कडा अजून चकाकत असलेले.

“आणि ऐक तर खरं,” ताई म्हणाली, “शेजारच्या म्हातारबांनी त्यांना हात केला होता.”

झाले होते असे. सकाळी दहा वाजता, भर उजेडात, चकाकत्या पिवळ्या जाकिटांतील दोन इसम एक चांगली मोटार घेऊन आले. त्यांनी घाई केली नाही. कापण्याच्या यंत्राचा आवाज मिनिटभर झाला, पण शेजारी कोणीतरी नेहमीच फरशी कापीत असतो. शेजारच्या वृद्ध गृहस्थांना वाटले की डॉक्टरांनी व्हॅन विकली किंवा दुरुस्तीला पाठविली. वळण अवघड असल्यामुळे त्यांनी स्वतः बाहेर येऊन रस्ता मोकळा असल्याची खूण केली, आणि चोरांनी त्यांचे आभार मानले. पुढे कित्येक महिने ते गृहस्थ ताईला पाहून रस्ता ओलांडीत असत.

पोलिसांनी फिर्यादीचा क्रमांक दिला. विमा कंपनीने विचारले, आकड्याचे कुलूप होते, ठीक; चाकाचे कोठे होते? विमापत्राच्या मागील पानावरील एका कलमात, घर निर्मनुष्य ठेवताना दोन्ही कुलपे लावलेली असलीच पाहिजेत, असा स्पष्ट दंडक होता. दावा नामंजूर झाला. त्या कंपनीचे नाव दाजी घेत नाहीत, म्हणून मीही विचारले नाही. मात्र आता दर वेळी कुलपे लावून झाल्यावर ते त्यांचे तारीखवार छायाचित्र काढून ठेवतात, आणि मला ही खबरदारी विनोदी वाटली याची त्या हकिकतीनंतर लाज वाटली.

नंबर नसलेले वाहन

आपल्याकडच्या माणसाला येथे एक गोष्ट समजायला वेळ लागतो. सायकलरिक्षालाही बिल्ला असणाऱ्या देशातून आल्यामुळे, वीस-तीस हजार पौंड किमतीच्या या वाहनाला सरकारदरबारी स्वतःचा नंबरच नाही, हे मी दाजींकडून तीनदा वदवून घेतले. मोटारीला सरकारी नोंदणीचा दस्तऐवज असतो, कॅराव्हॅनला नाही. तिला रस्तापट्टी नाही, वार्षिक तपासणी नाही. तिच्या पाठीवर जी पाटी असते ती ओढणाऱ्या मोटारीच्या नंबराची असावी, एवढाच कायद्याचा आग्रह. म्हणजे चोराने व्हॅन जोडली आणि स्वतःच्या मोटारीच्या नंबराची पाटी तिच्या पाठीला अडकवली, की वाटेत उभ्या असलेल्या पोलिसाच्या दृष्टीने सर्व यथास्थित. उलट पाटी न लावली तरच तो अडकायचा.

ही उणीव व्यवसायानेच आपल्यापरीने भरून काढली. १९९२ पासून कारखानदारांच्या संघटनेने एक मध्यवर्ती नोंदवही सुरू केली आहे. प्रत्येक नव्या व्हॅनला सतरा अक्षरांचा क्रमांक मिळतो. तो चासीवर ठोकलेला असतो आणि खिडक्यांच्या काचांवर कोरलेला असतो. या कोरीव अक्षरांमागील हिशेब मला फार आवडला. ती घासून काढली तर घासल्याची खूण ओरडून सांगते. काचाच बदलायच्या तर सगळ्या बदलाव्या लागतात, आणि चोरीचा नफा त्या काचांतच जातो. पुढे भिंतींच्या आत इलेक्ट्रॉनिक चकत्या दडविण्याची पद्धत आली. यंत्र जवळ नेले की व्हॅन आपले नाव सांगते. जुनी व्हॅन विकत घेणाऱ्याने थोडी फी भरून या वहीत चौकशी करावी, ती चोरीची आहे का, तिच्यावर कर्ज आहे का, अपघातात मोडीत काढलेली आहे का, हे कळते. न विचारता घेणाऱ्याची मात्र कठीण अवस्था होते. कारण इंग्रजी कायद्याप्रमाणे चोराकडे मालकी नसते, म्हणून त्याच्याकडून रोख पैसे मोजून, सद्भावनेने घेणाऱ्याकडेही ती येत नाही. व्हॅन मूळ मालकाची, आणि त्याला भरपाई मिळालेली असेल तर विमा कंपनीची. घेणाऱ्याच्या हाती उरते ती पावती.

मिनिटांची खरेदी

बाजारात या कुलपांचे एक निराळेच विश्व आहे. आकड्यावर बसणारी पोलादी टोपी. चाकाला मिठी मारणारा पिवळाजर्द जबडा. व्हॅनला टेकू देणाऱ्या चार कोपऱ्यांच्या पायांची कुलपे. अंगणात सिमेंटमध्ये रोवलेला, माथ्यावर गोळा असलेला खांब, ज्यावर व्हॅनचा आकडाच बसवून जखडायचा. काही जुने लोक हिवाळ्यात चाकेच काढून ठेवतात आणि घर ठोकळ्यांवर उभे करतात. दरवाजाचे कुलूप मात्र या मंडळींच्या लेखी जमेस धरण्याजोगे नाही. जुन्या व्हॅनमध्ये किल्ल्यांचे नमुने इतके मोजके असत की आपली किल्ली तळावरच्या परक्या व्हॅनला लागल्याच्या गोष्टी क्लबच्या चहापानात अजूनही रंगतात.

कुलपांची परीक्षा घेणारी सोल्ड सिक्युअर नावाची संस्था आहे. योगायोग असा की तीही १९९२ सालचीच; नॉर्थंब्रिया आणि एसेक्स येथील पोलिसांनी ती काढली, आणि आता ती कुलूपकारांच्या संघाकडे आहे. तेथे कसबी माणसे ठरावीक हत्यारे घेऊन कुलपावर तुटून पडतात आणि ते किती वेळ टिकते यावरून त्याला कांस्य, रौप्य, सुवर्ण किंवा हिरा अशी प्रत दिली जाते. ‘अभेद्य’ अशी प्रत नाही. हे कळल्यावर माझ्या डोक्यातील कुलपाची कल्पना बदलली. लहानपणी आजीच्या कनवटीला असलेल्या किल्लीकडे पाहताना वाटे, की कुलूप म्हणजे बंद आणि किल्ली म्हणजे उघडे, मध्ये काही नाही. येथे मध्येच सर्व काही आहे. दाजी जे विकत घेतात ती मिनिटे असतात: आकड्याच्या टोपीची काही, चाकाच्या ठोकळ्याची त्याहून पुष्कळ, खांबाची आणखी थोडी. आणि ही मिनिटे उपयोगी पडायची तर तेवढ्या वेळात कोणीतरी खिडकीतून पाहायला हवे, आणि पाहून नुसता हात करायला नको.

हत्यारेही पुढे गेली आहेत. पूर्वी ग्राइंडर चालवायला वीज लागे; आता तो बॅटरीवर, पिशवीत मावतो. त्यामुळे नवी कुलपे कापायला कठीण करण्याबरोबरच, कापायला हात पोहोचू नये अशा जागी, चाकाच्या आत दडविण्याकडे कल आहे. ज्या खोबणीसाठी आम्ही त्या संध्याकाळी पाऊण तास चिखलात घालविला, ती इतक्या अडचणीची होती ती याचसाठी. मालकाला जे साधत नाही ते चोरालाही साधू नये, असा त्या रचनाकाराचा न्याय असावा.

कलहंसांचा पहारा

त्याच दिवशी सकाळी आम्ही ती व्हॅन हिवाळी तळावरून आणली होती. नोव्हेंबर ते मार्च हे घर राहते कोठे, हा प्रश्न शहरगावच्या अरुंद अंगणात बिकट असतो. म्हणून अनेक शेतकऱ्यांनी एखादे वावर खडी टाकून सपाट केले आणि गव्हाऐवजी कॅराव्हॅन लावल्या. या तळांचाही एक संघ आहे आणि तो बंदोबस्त पाहून कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा पायऱ्या देतो. सुवर्ण तळावर ठेवल्यास विम्याचा हप्ता कमी होतो, म्हणून भाडे अधिक असले तरी हिशेब जमतो.

हा तळ एका लालसर चेहऱ्याच्या, कमी बोलणाऱ्या शेतकऱ्याचा. दोन फाटके, मध्ये बोळ. पहिले बंद झाल्याखेरीज दुसरे उघडत नाही. विजेचे कुंपण, अंधारात पाहणारे कॅमेरे, प्रत्येक मालकाचा संकेतांक. फाटकाची वरची बिजागरी त्याने उलटी बसविली होती. का, असे विचारताच तो थांबला, फाटक दोन्ही हातांनी वर उचलण्याचा आविर्भाव केला आणि मान हलविली. सरळ बिजागऱ्यांवरचे फाटक कुलपासकट उचलून बाजूला ठेवता येते, हे एका हालचालीत कळले. ओळींतील व्हॅन एकमेकींना इतक्या खेटून होत्या की मधली एक काढायची तर पुढच्या तीन हलवाव्या लागाव्यात. सर्वांचे पडदे उघडे, आतील गाद्या नाहीशा. आत नेण्यासारखे काही नाही हे बाहेरूनच दिसावे. छपरांवर हातभर उंचीची अक्षरे चिकटविलेली, कारण पोलिसांचे हेलिकॉप्टर वरून पाहते.

न्यायची व्हॅन आदल्या दिवशी कळवावी लागते. शेतकऱ्याने दाजींना वीस वर्षे ओळखत असूनही त्यांचे ओळखपत्र पाहिले आणि वहीत सही घेतली. या सर्व यंत्रसामग्रीच्या पलीकडे, एका डबक्याकाठी सहा कलहंस होते. आम्ही उतरल्यापासून निघेपर्यंत त्यांनी एवढा कलकलाट केला की बोलणे ऐकू येईना. कॅमेऱ्यांचा खर्च किती आणि यांचा किती, असे मी विचारले. “यांना बॅटरी लागत नाही,” तो म्हणाला.

त्या उत्तराला संदर्भ होता. व्हॅनमधील भोंगा आणि तिचा ठावठिकाणा सांगणारे यंत्र दोन्ही बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, आणि महिनोन् महिने उभ्या असलेल्या व्हॅनची बॅटरी थंडीत मरते. पहारेकरी झोपी गेल्याचे मालकाला वसंतात कळते. म्हणून आता छपरावर सौरपट्टी लावतात.

माग

ठावठिकाणा सांगणाऱ्या या यंत्राला ट्रॅकर म्हणतात, आणि मराठीत त्याला ‘मागाडी’ हा शब्द शोभला असता. व्हॅन परवानगीवाचून हलली की ते उपग्रहावरून जागा ठरवून मोबाइलच्या जाळ्यातून कळविते. पत्र्याच्या कोठारात घातली तर उपग्रह दिसत नाही, म्हणून काहींत रेडिओ लहरींचीही सोय असते.

मला आपल्या दख्खनची जुनी वहिवाट आठवली. गावचा जागल्या किंवा रामोशी रात्री गस्त घाली, आणि चोरी झालीच तर पावलांचा माग काढीत शिवेपर्यंत जाई. तेथे पुढच्या गावच्या जागल्याने तो माग आपल्या हवाली घ्यायचा. ज्या गावाच्या शिवारात तो हरपेल त्या गावाने भरपाई द्यायची. या व्यवस्थेत शेजारच्या गावाला कानाडोळा करणे परवडत नसे. डांबरी रस्त्यावर पाऊल उमटत नाही, आणि व्हॅन ज्या परगण्यांतून जाते त्यांपैकी कोणावरही तिचे देणे लागत नाही.

संध्याकाळी चहाला आलेल्या क्लबातील एका गृहस्थाने, चोर कोण असतात ते सर्वांना ठाऊकच आहे, असे म्हणून गावाबाहेरच्या जिप्सी तळाच्या दिशेने भुवई उडविली. मी गप्प बसू शकलो नाही. ज्या लोकांच्या रंगीत गाड्या पाहून साहेबाला ही हौस सुचली, त्यांच्यावरच पहिला संशय. आमच्याकडे १८७१ साली याच साहेबाने कायदा करून भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले, आणि ते जोखड उतरायला १९५२ साल उजाडावे लागले. दाजींची व्हॅन नेणारे इसम पिवळ्या जाकिटांत, चांगल्या मोटारीतून आले होते आणि त्यांनी आभार मानले होते. गृहस्थाने बिस्किट घेतले. ताईने विषय हवामानाकडे नेला. त्या देशात ही सोय कायम असते.

सतरा अक्षरे

कुलपे लावून झाली, छायाचित्र निघाले, पावसाची झिमझिम थांबली. जेवणानंतर दाजींनी विम्याच्या नूतनीकरणाचे कागद काढले आणि मला विजेरी देऊन खिडकीच्या कोपऱ्यातील क्रमांक वाचायला पाठविले. खातरजमा केलेली बरी, म्हणाले. मी दरवाजातून एकेक अक्षर ओरडून सांगत होतो आणि ते आत टेबलापाशी जुन्या विमापत्राशी ताडून पाहत होते. अकराव्या अक्षरापाशी मी “शून्य” म्हणालो.

“ओ,” आतून आवाज आला.

“शून्य, दाजी.”

मग ते स्वतः बाहेर आले, चश्मा वर करून काचेला नाक लावून उभे राहिले. या क्रमांकांत आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच वापरीत नाहीत, एक आणि शून्य यांच्याशी घोटाळा होऊ नये म्हणून. हे त्यांनीच मला सकाळी तळावर सांगितले होते. विमापत्रावर ओ होता, त्यांच्याच हस्ताक्षरातील अर्जावरून उतरविलेला. सहा वर्षे त्यांनी ज्या व्हॅनचा हप्ता भरला, ती व्हॅन कोणत्याही वहीत असणे शक्य नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिटबीला निघायचे होते. नऊच्या ठोक्याला दाजींनी फोन लावला. रांगेत आपण अकरावे आहात, असे यंत्राने सांगितले आणि वाद्यसंगीत सुरू झाले. त्यांनी फोन टेबलावर उताणा ठेवला, ताईने डब्यातले थालीपीठ पुढे सारले, आणि मी चाकाचे कुलूप काढायला बाहेर गेलो. किल्ली फिरली, पण ठोकळा रात्रीच्या चिखलाने खोबणीत घट्ट बसला होता.

“पाव्हणं,” दाजी खिडकीतून म्हणाले, “हातोडा शेडमध्ये आहे. शेडची किल्ली ताईला विचारा.”